स्पिरिटचा बोळा

देवदत्त आठल्ये एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्यातली पन्नास वर्षं मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये गेली होती. साताऱ्याहून तो इथे शिकायला आला, मग एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत एकच काम करत राहिला. गाडीच्या धुराड्यातून काय काय बाहेर पडतं, ते मोजायचं. नळीच्या टोकाला सेन्सर लावायचा, पडद्यावरची रेघ बघायची, आणि रेघ खरी की खोटी ते ठरवायचं. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

माणूस सचोटीचा, वक्तशीर, आणि कशाचीही चटकन शिसारी येणारा. दुसऱ्याच्या चमच्याने त्याने कधी काही चाखलं नाही. बायकोच्या, वीणाच्या माहेरची माणसं आली की त्यांनी वापरलेले टॉवेल तो स्वतः चिमटीत धरून धुवायला टाकत असे. गॅरेज इतकं स्वच्छ की तिथे पंगत बसवावी. दारूला त्याने जन्मात हात लावला नव्हता, आणि यात मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं. त्याला तो वासच सहन होत नसे.

आणि नेमका त्याचाच धाकटा भाऊ दारुडा निघाला.

विष्णू अकरा वर्षांनी लहान. देवदत्तनेच कागदपत्रं करून त्याला त्र्याण्णव साली इकडे आणलं. हाताने हुशार, बोलायला गोड. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात लागला. सहा-सात वर्षं बरी गेली आणि मग वास यायला लागला. पहिल्यांदा पोलिसांनी पकडलं तेव्हा दंडावर भागलं. दुसऱ्यांदा दोन महिने आत. त्या दोन वेळांच्या मधे कधीतरी, देवदत्त महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष असताना, शाळेच्या हॉलमध्ये गणपतीची आरती चालू होती आणि विष्णू पहिल्या रांगेतल्या सतरंजीवर भडाभडा ओकला. दोनशे माणसं. तबक कुणीतरी बाजूला ओढलं. कागदी प्लेटांनी ती घाण भरून काढली ती देवदत्तने, झब्ब्याच्या बाह्या वर करून, आणि कुणी मदतीला वाकलं नाही. त्या प्लेटांचा ओला, गरम भार पुढे कितीतरी दिवस त्याच्या तळहातांना जाणवत असे.

तिसऱ्या वेळी, दोन हजार अठरा सालच्या नोव्हेंबरात, विष्णूने बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका बाईला उडवलं. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई. जिवानिशी वाचली, पण कमरेखालची हाडं अशी मोडली की वॉकर कायमचा मागे लागला. कोर्टात तिने सांगितलं, "हा मरावा असं मला वाटत नाही. हा रोज शुद्धीवर असावा आणि कुणीतरी ते रोज तपासावं, एवढंच मला पाहिजे."

विष्णू पाच वर्षांहून थोडा जास्त काळ तुरुंगात होता. वीणा दर महिन्याला तासभर गाडी चालवून त्याला भेटून येई. देवदत्त एकदाही गेला नाही.

सुटकेची वेळ आली तेव्हा पॅरोलच्या ऑफिसने विचारलं, राहणार कुठे? वीणा म्हणाली, आमच्याकडे. देवदत्तने विरोध केला, तिने तो ऐकून घेतला, आणि शेवटी खालच्या मजल्यावरची मुलीची खोली रिकामी केली. "तुझा भाऊ आहे," ती म्हणाली. "माझा असता तर मी तुला विचारलंही नसतं."

ऑक्टोबरात विष्णू आला तो पायात यंत्र घालूनच. मिशिगनमध्ये त्याला टेदर म्हणतात, म्हणजे सरळ दावं. घोट्याला रबरी पट्टा आणि त्यावर सिगारेटच्या पाकिटाएवढी काळी डबी. माणसाने दारू घेतली की तिचा अंश घामातून बाहेर पडतो; ही डबी दर अर्ध्या तासाला कातडीवरची हवा हुंगायची. बिछान्याशेजारच्या खोक्यातून ती आकडेवारी कंपनीकडे, आणि तिथून पॅरोल अधिकाऱ्याकडे जायची. वर्षभर काढायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. पट्टा कापला किंवा सरकवला तरी कळतं.

पॅरोल अधिकारी, मिस हुकस्ट्रा, पन्नाशीची उंच बाई. पहिल्या भेटीत तिने स्वयंपाकघरात बसून नियम समजावले. घरात दारू नको. अल्कोहोल असलेलं काहीच नको. माउथवॉश, परफ्यूम, सॅनिटायझर, व्हॅनिला इसेन्ससुद्धा. "यंत्राला पोटातली दारू आणि बाटलीतलं स्पिरिट दोन्ही कळतात," ती म्हणाली. "त्यातला फरक नंतर काढता येतो. पण आधी अलार्म वाजतो, मग सगळ्यांनाच ताप."

वीणाने त्याच दिवशी पिशवीभर बाटल्या काढून टाकल्या. देवदत्तने माहितीपुस्तक घेतलं आणि दोनदा वाचलं. सवयच होती. सेन्सर कोणता, किती वेळाने नमुना घेतो, चुकीची रेघ कशी येते. आपला आफ्टरशेव मात्र त्याने टाकला नाही, आणि तळघरातल्या हत्यारांच्या कपाटातली रबिंग अल्कोहोलची बाटलीही तशीच ठेवली. "माझ्या हत्यारांना लागतं ते," तो वीणाला म्हणाला. "तो काय तळघरात येऊन पाय बुडवणार आहे?"

विष्णूला एका धुलाई कारखान्यात काम मिळालं. हॉस्पिटलांच्या चादरी. सकाळचा चहा घेऊन बस पकडायचा, दुपारी दोनला परत. वाळला होता, केस पांढरे झाले होते, बोलणं कमी झालं होतं. जेवताना डबी बारीकशी थरथरली की वीणाला म्हणायचा, "वहिनी, माझं पैंजण वाजलं." ती हसायची. देवदत्तचा घास तोंडातच फिरायचा. ही थट्टा करायची गोष्ट आहे? एका बाईची कंबर मोडून हा इथे पैंजण वाजवतो आहे आणि आपण त्याला वरण वाढतो आहोत.

त्याला सगळ्याचीच शिसारी येई. सोफ्यावर टाकलेल्या त्या पायाची, पट्ट्याखाली साचणाऱ्या घामाची. न्हाणीघरात तो पट्टा पुसायला ठेवलेल्या वेगळ्या फडक्याची. आणि सकाळी दाढी करून देवदत्त चहाला टेबलाशी आला की विष्णू आपला कप उचलून उठून जाई, त्याचीही. भावासमोर चार मिनिटं बसवत नाही याला, असं त्याच्या मनात येई.

पहिल्या जानेवारीला मंडळातल्या एका मित्राकडे दुपारचं जेवण होतं. विष्णूला अशा ठिकाणी नेता येत नव्हतं, म्हणून वीणा घरीच राहिली आणि देवदत्तला कुमार घेऊन गेला. कुमार हृदयरोगतज्ज्ञ होता, निवृत्त, देवदत्तचा चाळीस वर्षांचा स्नेही. तळघरात व्हिस्की निघाली आणि विष्णूचा विषयही.

"यार, इंटरनेटवर आहे," कुमार म्हणाला, "पट्ट्याखाली हॅमची चकती सरकवायची. मशीनला वाटतं कातडी आहे. आठल्यांच्या घरात डुकराचं मांस. बोल."

सगळे हसले. देवदत्तही हसला. कुमारचे चार पेग झाले, मग परतताना त्याने गाडीची किल्ली काढली. देवदत्तने शेजारी बसून पट्टा लावला. गाडीत तो वास कोंदला होता. देवदत्तने खिडकी दोन बोटं खाली केली, थंडीने कुमार कुरकुरला, त्याने परत वर केली आणि घर येईपर्यंत तोंड मिटून बसला. रस्त्यात तीन बसस्टॉप लागले.

जानेवारी संपताना वीणा बेलव्ह्यूला गेली. मुलगी अंतरा बाळंत झाली होती. नातीचं नाव आन्या ठेवलं होतं. तीन आठवडे दोघे भाऊच घरात. जाताना वीणाने फ्रीजमध्ये डबे भरून ठेवले आणि देवदत्तला सांगितलं, "त्याच्याशी बोल जरा. जेवताना तरी."

तो बोलला नाही. विष्णूनेही छेडलं नाही.

फेब्रुवारीचा पहिला गुरुवार. बाहेर बर्फ वितळून, मिठाने काळा चिखल झालेला. विष्णू कामावरून आला, बूट काढले, आणि थकून सोफ्यावर पडला तो लागलीच झोपला. डावा पाय वीणाने शिवलेल्या गोधडीवर. देवदत्त पेपर वाचत समोर बसला होता. थोड्या वेळाने वास आला. ओल्या मोज्याचा, कुबट रबराचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर नासल्यासारखा. त्याने वाकून पाहिलं. पट्ट्याच्या कडेला कातडी सोलवटून लाल झाली होती आणि त्यातून पिवळट पाणी गोधडीवर उतरलं होतं.

देवदत्तने पेपर बाजूला टाकला. तो उठला, तळघरात गेला, कपाटातून बाटली काढली. कापसाचा मोठा बोळा केला, चांगला भिजवला आणि वर आला. एका हाताने नाक धरून त्याने ती जखम पुसली. मग पट्टा पुसला. मग डबी पुसली, वरून, खालून, कातडीला टेकलेल्या फटीत बोळा दाबून. घाण आहे, निघाली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं असं तो पुढे म्हणायचा. पण जी गोष्ट त्याने दोनदा वाचली होती ती त्या घटकेला आठवत होती की नव्हती, हे त्याला स्वतःलाही कधी धड सांगता आलं नाही.

झोंबल्यामुळे विष्णू दचकून उठला. "काय लावलंस?"

"पू आलाय. पुसला."

विष्णूने हवा हुंगली आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "दादा, स्पिरिट आहे हे." तो लंगडत न्हाणीघरात गेला. साबण, पाणी, पुन्हा साबण. डबी थरथरल्याचा आवाज देवदत्तला बाहेर ऐकू आला. विष्णूने लगेच ऑफिसला फोन लावला, कुणी उचलला नाही म्हणून निरोप ठेवला. मग ओल्या पायाने दारात उभा राहिला.

"त्यांनी विचारलं तर तू सांगशील ना?"

"हो रे, सांगेन की."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस हुकस्ट्रा एका सहकाऱ्याला घेऊन आली. बुटांचा बर्फ स्वयंपाकघराच्या फरशीवर वितळत होता. तिने विष्णूला नळीत फुंकर मारायला लावली. शून्य. पण कालच्या दुपारनंतर इतक्या तासांनी शून्यच येणार होतं.

"तुमचा निरोप मिळाला," ती विष्णूला म्हणाली. "यंत्राने खूप मोठा आकडा दाखवलाय. तुम्ही म्हणता, भावाने स्पिरिटने पाय पुसला." मग ती देवदत्तकडे वळली. "मिस्टर आठल्ये, तुम्ही पुसला होता का?"

देवदत्तने सोफ्याकडे पाहिलं. गोधडी धुतली होती, तरी डाग राहिला होता. त्याला ती सतरंजी दिसली, कागदी प्लेटा दिसल्या. चार महिने या घरात आपण तोंडाने श्वास घेतो आहोत, असं त्याला वाटलं.

"नाही," तो म्हणाला.

"घरात असं काही आहे?"

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी बायकोने सगळं फेकलं होतं."

 विष्णूने मोठ्या भावाकडे पाहिलं. त्यात राग असता तर देवदत्तला सोपं गेलं असतं. हुकस्ट्राने दोघांकडे एकदा पाहिलं आणि विष्णूला कोट घालायला सांगितलं. पूर्ण अहवाल येईपर्यंत त्याला काउंटीच्या जेलमध्ये राहावं लागणार होतं. मधे शनिवार-रविवार होता.

ते गेल्यावर देवदत्तने फरशी पुसली. बाटली उरलेल्या स्पिरिटसकट कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाच्या कचराकुंडीत टाकून आला. सोफ्याचं आवरण दोनदा धुतलं. आल्याचा चहा करून स्वतःच्या खुर्चीत बसला आणि छातीभर श्वास घेतला. घराला साबणाचा वास येत होता. किती महिन्यांनी.

वीणाचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, विष्णूला नेलं. मशीनने दारू दाखवली.

पलीकडे बाळ रडत होतं. वीणाने विचारलं, "तो प्यायला?"

"मशीन सांगतंय."

"तू काय सांगतोयस? तुला तर लांबून वास येतो."

"मी घरभर त्याच्या मागे हुंगत फिरत नाही," देवदत्त म्हणाला, आणि आन्याचं वजन विचारलं.

शनिवारी त्याने खालची खोली साफ करायला काढली. विष्णूचं सामान असं नव्हतंच. चार शर्ट, मलम, भिंतीशी लुकलुकणारं ते खोकं, आकडे द्यायला पाय नसल्यामुळे पिवळा दिवा लावून बसलेलं. मग न्हाणीघराचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. विष्णूचं अक्षर शाळेतल्यासारखंच गोल राहिलं होतं. घरातल्या वस्तूंची यादी होती ती, भिंग घेऊन डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून केलेली. टूथपेस्ट, नाही. दाढीचा फेस, नाही. वहिनींचं गुडघ्याचं तेल, नाही. खोकल्याचं औषध, आहे, मागायचं नाही. भांड्यांचा साबण, नाही.

आणि सगळ्यात खाली: "दादाचा आफ्टरशेव, आहे. दादा दाढी करून आला की पंधरा मिनिटं जवळ बसू नये."

देवदत्त टबच्या काठावर बसला. रोज सकाळी कप उचलून उठणारा विष्णू त्याला दिसला. एक बाटली फेकली असती तर तो बसला असता. ती आपण फेकली नव्हती. हा माणूस चार महिने या घरात जीव मुठीत धरून वावरत होता, आणि आपण त्याच्या मोज्यांचा वास मोजत होतो.

मळमळ नेहमीचीच होती. पण आजवर ती नेहमी दुसऱ्या कुणामुळे येत आली होती. उठून दुसऱ्या खोलीत गेलं की थांबायची. आता तो वरच्या मजल्यावर गेला, अंगणात गेला, बर्फात उभा राहिला. ती त्याच्याबरोबरच होती. रात्री त्याने आंघोळ केली. सकाळी उठून पुन्हा केली.

तरी तो रविवार तसाच गेला. हे सांगायला हवं, कारण त्याने स्वतः ते कधी लपवलं नाही. ऑफिस बंद असलं तरी हुकस्ट्राचा नंबर त्याच्याकडे होता. त्याने तो तीनदा काढून पाहिला. फोन केला तर बाटलीचं विचारतील, खोटं का बोललात विचारतील, मंडळात कळेल. सोमवारी तो आंघोळ करून कपडे चढवून बसला आणि गेला नाही. मंगळवारी गेला.

हुकस्ट्राच्या टेबलावर कागदांचा ढीग होता. तिने त्याला बसायला सांगितलं आणि तो तोंड उघडणार तोच म्हणाली, "बरं झालं आलात. सकाळीच अहवाल आला. तुमचे भाऊ प्यायले नव्हते."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. देवदत्तला समजवायची गरज नव्हती. त्याने आयुष्यभर हेच पाहिलं होतं. रेघ भिंतीसारखी सरळ उभी चढली होती आणि तासा-दीड तासात खाली आपटली होती. पोटातली दारू अशी वागत नाही. ती टेकडीसारखी हळूहळू चढते आणि त्याहून हळू उतरते. त्याच्या प्रयोगशाळेत नवख्या पोराने अशी रेघ खरी मानली असती तर त्याने त्याला घरी पाठवलं असतं.

"तुम्हाला केव्हा कळलं?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी, तुमच्याकडे यायच्या आधीच संशय होता. पण रेघ वाचून निकाल देणं माझं काम नाही, ते तज्ज्ञांचं. मला घरातल्या एका माणसाचा दुजोरा हवा होता. तुम्ही हो म्हणाला असतात तर अहवाल येईपर्यंत त्यांना घरीच ठेवता आलं असतं."

"मी खोटं बोललो. मीच पुसला होता."

"हो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिने एक फॉर्म पुढे केला. "लिहून द्या."

त्याने लिहिलं.  सही केल्यावर त्याने विचारलं, "त्याला न्यायला कधी येऊ?"

"ते आज सकाळीच सुटले. शेजारच्या इप्सिलँटी गावात दारू सोडलेल्या माणसांचं एक सामायिक घर आहे, तिथे खोली मिळाली. तुमच्याकडे परत पाठवू नका असं त्यांनी स्वतः सांगितलं." तिने फॉर्म फाइलला लावला. "कारखान्यातलं काम गेलं. न कळवता गैरहजर राहिले म्हणून. मी त्यांच्याशी बोलून पाहीन."

त्याच दुपारी देवदत्त चार शर्ट आणि मलम पिशवीत भरून इप्सिलँटीला गेला. घराच्या पुढच्या ओट्यावर विष्णू एका खुर्चीत कोट घालून बसला होता. पायाला पट्ट्याखाली नीट पांढरी पट्टी बांधलेली. जेलमधल्या नर्सने बांधली होती.

"मी आज ऑफिसात सांगितलं," देवदत्त म्हणाला.

"अहवाल आल्यावर?"

"मला माहीत नव्हतं आलाय ते."

विष्णूने मान हलवली. पिशवी घेतली. "तू नाही म्हणालास त्याचं मला नवल नाही वाटलं, दादा. माझ्यावर कुणी विश्वास ठेवावा असं मी काय केलंय? पण विश्वासाचा प्रश्न नव्हता रे. तुला माहीत होतं."

देवदत्त उभाच होता. त्याला बस म्हणायला दुसरी खुर्ची नव्हती.

"माझा वास येतो ना तुला?" विष्णूने विचारलं.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "येतो."

"मलाही यायचा. रोज सकाळी उठलं की. आधी तो मारायलाच प्यायचो, मग तोच यायचा." तो उठला. "वहिनींना सांग, गोधडीबद्दल सॉरी म्हणाला."

वीणा आठवड्याने परतली. विमानतळावरून घरी येताना देवदत्तने तिला सगळं सांगितलं, गाडी चालवता चालवता, समोर बघून.  घरी आल्यावर बॅग दारातच ठेवून ती म्हणाली, "पुसलं म्हणतोस. तुला जखम पुसायची नव्हती, देवदत्त. तुला तो माणूस पुसून टाकायचा होता." मग ती खालच्या खोलीत गेली आणि कित्येक दिवस तिथेच झोपली.

पाडव्याच्या कार्यक्रमाला मात्र ती त्याला घेऊन गेली. जायला त्याचे पाय उचलत नव्हते. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या कुमार पुढे आला, खांद्यावर हात टाकला. "कळलं रे. परत सुरू केली म्हणे विष्णूने. मी तेव्हाच म्हणालो होतो. ह्या लोकांचं काही होत नाही. यू डिड युअर बेस्ट."

भोवती पाच-सहाजण होते. माना हलल्या. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक मऊ, साखरेचा हात फिरवल्यासारखी दया होती, देवदत्तबद्दल.

"तो प्यायला नव्हता," देवदत्त म्हणाला. "मी त्याच्या पायाला स्पिरिट लावलं. यंत्र वाजलं. पॅरोलच्या बाईने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तो माझ्यामुळे चार दिवस जेलमध्ये होता आणि त्याची नोकरी गेली."

आता थुंकतील, असं त्याला वाटलं. थुंकावं, असंही.

कुमारने क्षणभर डोळे बारीक केले आणि मग त्याच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे यार. इतकी वर्षं तू काय सोसलंस ते आम्ही पाहिलंय. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. चल, श्रीखंड संपायच्या आत."

बाकीचेही हेच म्हणाले. कुणी म्हणालं, टेन्शनमध्ये होतं असं. विष्णू एकदा ओकला तर वीस वर्षं लक्षात ठेवणाऱ्या माणसांनी देवदत्तला अर्ध्या मिनिटात माफ केलं होतं. श्रीखंडाची वाटी हातात आली. त्याला त्या पिवळ्या, चकचकीत गोळ्याकडे बघवेना. त्याने वाटी खिडकीत ठेवली आणि कुमारला विचारलं, "पहिल्या जानेवारीला तू मला घरी सोडलंस तेव्हा चार पेग झाले होते तुझे. आठवतं?"

कुमारचं हसू जागेवरच राहिलं. "काय बोलतोयस?"

"तुझ्या घोट्याला काही नाही बांधलेलं, एवढाच फरक. आणि मी शेजारी बसलो होतो."

त्यानंतर कुमारचा फोन आला नाही, आणि देवदत्तनेही केला नाही. मंडळातही तो फारसा गेला नाही.

विष्णूला हुकस्ट्राच्या शब्दावर कारखान्याने मे महिन्यात परत घेतलं. ऑक्टोबरात यंत्र काढलं. बारा महिन्यांत त्याच्या नावावर दारूची एकही रेघ नव्हती. फेब्रुवारीतल्या त्या भिंतीपुढे "बाह्य पदार्थ" असा शेरा होता. वीणा पट्टा कापायच्या वेळी ऑफिसात हजर होती. घरी येऊन तिने सांगितलं, घोट्याभोवती कातडी पांढरी, मऊ पडली आहे, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी, आणि विष्णू ती सारखी चाचपून बघत होता. अजून सहा महिने त्याला आपणहून यंत्र घालून राहायचं होतं, पण हुकस्ट्रा म्हणाली, आता गरज नाही. घर मात्र विष्णूने इप्सिलँटीचंच ठेवलं.

देवदत्त रविवारी डबा घेऊन इप्सिलँटीला जातो. कधी विष्णू खाली येतो. ओट्यावर उभ्या उभ्या कारखान्याचं, हवेचं, आन्याच्या दातांचं बोलणं होतं. कधी घरातलाच दुसरा कुणी माणूस दार उघडतो, डबा घेतो आणि म्हणतो, तो झोपलाय. देवदत्तला ठाऊक असतं की तो झोपलेला नाही. तो बरं म्हणतो, मागच्या आठवड्याचा रिकामा डबा मागून घेतो. धुऊन, पुसून, लख्ख करून दिलेला असतो तो.